मिठात मुरलेला वाटा

३ नोव्हेंबर १९५८, सोमवार, रेवदंडा

आज पहिल्यांदा एकटीने काम केलं, आणि जनावर वाचलं नाही.

सकाळी गुरांच्या दवाखान्याचं कुलूप काढते आहे तोच खाडीपलीकडच्या खाजणवाडीतून दुमिंग नावाचा माणूस धापा टाकत आला. "डॉक्टरसाहेब कुठं हायेत?" मी म्हटलं, मीच डॉक्टर. तो माझ्या मागे बघत राहिला, आत आणखी कोणी आहे का म्हणून. शेवटी म्हणाला, "बरं, तुम्ही तर तुम्ही. चला."

होडीतून पलीकडे गेलो. खाजणवाडी म्हणजे ख्रिस्ती लोकांची वीसेक घरं, माडांच्या सावलीत, प्रत्येक परसात डुकराचा गोठा. दुमिंगचं डुक्कर अंग तापून पडलं होतं. पाठीवर लाल चट्टे उठले होते, अगदी चौकटीच्या आकाराचे. जणू कोणी शंकरपाळ्या कापून चिकटवल्या होत्या. दुपारी ते मेलं. आठवड्याभरात वाडीतलं हे तिसरं.

परळच्या कॉलेजात आम्ही दोघीच मुली होतो. पदवी घेतली त्या दिवशी ठरवलं होतं की जिथे कोणी जात नाही तिथे जाऊन काम करायचं. आईला मात्र अजून वाटतं की मी फक्त गायीम्हशी बघते.

६ नोव्हेंबर

काल दुसऱ्या एका घरी चट्टे उठून मेलेलं डुक्कर मी चिरून पाहिलं आणि मांडीचं हाड कोळशाच्या भुकटीत बांधून मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवलं. मदतीला इनास होता. वाडीत कोणाचंही डुक्कर कापायचं तर सुरी याचीच. साठीचा, उंच, फार न बोलणारा. पण माझं काम बघून म्हणाला, "डॉक्टरीणबाय, तुम्ही कापताय का शिवताय?" सगळे हसले. मीही हसले.

त्याचं एक बोट जांभळं पडून सुजलं होतं. "मासळीचा काटा लागला असंल," म्हणाला. मी आयोडीन लावून दिलं.

मेलेलं जनावर चुना घालून पुरायचं, हे मी सगळ्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. पण जनावराने खाणं सोडलं, की ते मरायच्या आधी कापायची इथे रीत आहे. कापलं की प्रत्येक नात्यातल्या घरी वाटा जातो. कच्चंच मांस, वर मीठ, सुपारीच्या झावळीच्या गळलेल्या रुंद देठात, म्हणजे विरीत, घट्ट बांधलेलं. लग्न असो, बारसं असो, वाटा चुकत नाही. लोक गरीब आहेत, पण एकमेकांना धरून आहेत. हे पाहून फार बरं वाटलं.

मलाही वाटा देत होते. मी हात जोडून सांगितलं, आमच्यात खात नाहीत. आज सकाळी इनास होडीने इकडे आला आणि दवाखान्याच्या पायरीवर विरीत बांधलेला नारळ ठेवून गेला. म्हटलं, कशाला एवढ्या लांब आलात, मी आले असते की तिकडे. तर म्हणाला, "वाटा आनायला जायचं नसतं. तो घरी येतो."

१५ नोव्हेंबर

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. स्वाइन एरिसिपेलस. माणसांत धावरं उठतं तशातला रोग, जंतूंचा. लवकर कळलं तर पेनिसिलिनने जनावर वाचतं. माझ्याकडे पेनिसिलिन थोडंच आहे. तेव्हा रोग कुठून येतो हे शोधणं हाच खरा उपाय.

रात्रभर तोच विचार. हे जंतू मासळीच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात राहतात, असं आम्हाला शिकवलेलं आहे. आणि खाजणवाडीची डुकरं वाढतात कशावर? रेवदंड्याच्या कोळणींकडून येणाऱ्या मासळीच्या आतड्यांवर आणि डोक्यांवर! सापडलं असं वाटतं.

१७ नोव्हेंबर

बाजारात जाऊन ठमीला सांगितलं की खाजणवाडीला मासळीची घाण द्यायची नाही. ठमी सगळ्या कोळणींत मोठी. ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "माझ्या मासळीला धावरं? बाय, अख्खं रेवदंडं माझी मासळी खातंय. कुनाच्या पाठीवर शंकरपाल्या उठल्या का?"

मी माणसाचं आणि डुकराचं अंग वेगळं असतं वगैरे सांगू लागले.

"शिकलीस कुठं तू?"

"परळला."

"तरीच. तितं बरफातली मासळी. तुला ताजी ठाव न्हाय." आणि शेजारणीला म्हणाली, "हिला दोन बांगडे दे गो. खाऊन डोकं चालंल."

बांगडे मी घेतले नाहीत. आता त्याचं वाईट वाटतं. पण आतडी देणं तिने थांबवलं, हे खरं.

२४ नोव्हेंबर

मासळी बंद होऊन आठवडा झाला. तरी आज आणखी दोन घरी चट्टे. त्यातलं एक घर तर कधीच मासळीची घाण घालत नव्हतं, फक्त कोंडा आणि नारळाचा चोथा. विहिरीचं पाणी पाहिलं. वरच्या आळीची विहीर वेगळी, खालच्या आळीची वेगळी, रोग दोन्हीकडे. शेजारचं घर सुटतं आणि चार घरं सोडून पलीकडचं धरलं जातं. यात काही रीतच दिसत नाही.

एकच घर पूर्ण निरोगी आहे. अगदी खाडीच्या टोकाला रोझारीन नावाची विधवा राहते. तिची एक मोठी डुकरीण, तांबडी. तिच्या पिल्लांवरच रोझारीनचं पोट चालतं. आताही ती गाभण आहे. गोठा सारवलेला, खाणं घालायची दगडी डोण घासून पांढरी केलेली. मी म्हटलं, "रोझारीनबाई, तुमच्याकडे रोग आला नाही तो या स्वच्छतेमुळे."

ती म्हणाली, "माझ्याकडं काय येतच न्हाय, डॉक्टरीणबाय. वाटा पन न्हाय. अकरा वरसं झाली."

घरात माणसं नाहीत म्हणून बोलते आहे हे कळलं. मी विषय बदलून तांबडीचं कौतुक केलं. येताना प्रत्येक घरी सांगत आले, रोझारीनबाईंसारखी डोण घासा. इनासची बायको मनुबाई ताडकन म्हणाली, "आमाला तिचं नाव नका सांगू." खेड्यातली भांडणं!

३० नोव्हेंबर, रविवार

आज बाबा आले. पेणहून एस.टी.ने, डोक्यावर आमच्या मिठागराच्या मिठाची अर्धी गोणी घेऊन. येऊन दवाखान्याच्या पाटीवरचं माझं नाव बोट ठेवून वाचलं. बाबांना अक्षरं येतात, पण जोडाक्षराशी अडतात. 'सगुणा काळूराम' इतकं वाचून थांबले आणि उपरण्याने डोळे पुसले. मग एकदम म्हणाले, "डुकरां बगतंस, असा ऐकला." मी मान हलवली. "आयेला सांगू नुको. मी सांगीन कवातरी."

दुपारी इनास बोलवायला आला. त्याच्या डुकराने सकाळपासून खाणं सोडलं होतं. बाबाही माझ्याबरोबर होडीत बसले. मी तपासलं. अंगावर एकही चट्टा नव्हता. ताप होता, पण थोडा. इनास म्हणाला, कापून टाकतो. आजपासून नाताळपर्यंत त्यांचा उपास असतो, मांस खात नाहीत. म्हणून मांस मिठात आणि माडाच्या आंबट शिरक्यात घालून बरणीत ठेवायचं, आणि नाताळला त्याचेच वाटे. "चालंल ना?" असं त्याने मला विचारलं. अख्ख्या वाडीत परवानगी मागणारा तो पहिलाच.

मी विचार करत होते तेवढ्यात बाबा म्हणाले, "मिठान काय जगत न्हाय गो. मीठ घाला बक्कल." मी हो म्हटलं, आणि बाबांनी आणलेली ती गोणी आम्ही इनासलाच दिली. बाबांना फार आनंद झाला. आपलं मीठ आपल्या मुलीच्या कामी आलं, असं होडीत दोनदा म्हणाले.

९ डिसेंबर

उपास सुरू झाल्यापासून एकही नवं जनावर आजारी नाही. डोणी घासण्याचा परिणाम असणार. जिल्ह्याच्या साहेबांना तसं कळवलं.

बांगडे घेतले नाहीत त्याची भरपाई म्हणून आज ठमीकडून मासळी घेतली आणि रोझारीनचा विषय काढला. ठमी सुरीने मासळी कापत सांगत राहिली. रोझारीनचा नवरा पास्कू म्हणजे इनासचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी तो इनासच्या एकुलत्या एका मुलाला होडीत घेऊन समुद्रात गेला. वारं उठलेलं होतं, इनास नको म्हणत होता. दोघेही परत आले नाहीत. पोराचा सदरा तेवढा रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागला.

"तवापासून तिच्या घरी वाटा बंद. इनासनं बंद केला म्हंजे सगल्यांनी केला."

"पण यात रोझारीनचा काय दोष?"

ठमीने सुरी थांबवली. "बाय, पोर गेलं त्याचं. दोस कुनाचा हे कोन बगतंय?"

मला हे पटत नाही. मेलेल्या माणसाचा राग जिवंत बाईवर काढायचा? सुशिक्षित माणसाने अशा ठिकाणी गप्प बसू नये.

२० डिसेंबर

जिल्ह्याचे साहेब आले होते. गोठे पाहताना नाकाला रुमाल. माझा अहवाल चाळून म्हणाले, "मासळी नाही, पाणी नाही, मग काय?" म्हटलं, अस्वच्छता, आणि आता रोग थांबलेला आहे. म्हणाले, "थांबला असेल तर ठीक. पुन्हा उठला आणि जानेवारीअखेर मूळ सापडलं नाही, तर वाडीतली सगळी डुकरं मारून पुरायची. भरपाई मिळणार नाही. तालुक्यात रोग पसरलेला मला चालायचा नाही."

हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. रोझारीन मागे उभी होती. तिने मला एवढंच विचारलं, "तांबडीला पन? तिला तर काय झालं न्हाय."

मी म्हटलं, तुमच्या तांबडीला मी काही होऊ देणार नाही. असं बोलायला नको होतं का? पण त्या वेळी अगदी मनापासून बोलले.

२३ डिसेंबर

आज इनासच्या घरी गेले आणि स्पष्ट बोलले. म्हटलं, नाताळचा सण आहे, तुमचा देव क्षमा करायला सांगतो, रोझारीनबाईंना यंदा वाटा पाठवा. मनुबाई उठून आत गेली. इनास बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"तुमाला कुनी सांगितलं हे बोलायला?"

"कोणी नाही. मला वाटलं."

"तुमाला वाटलं." मग म्हणाला, "पोराचा सदरा अजून पेटीत हाय. पास्कूची बायको धुवायला मागत होती, एकदा शेवटचा म्हनून. मी दिला न्हाय."

मी उठले तेव्हा त्याने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

२५ डिसेंबर, गुरुवार

पाठवला! स्वतः घेऊन गेला. मी आणि ठमी होडीतून येत होतो तेव्हा किनाऱ्यावरचं सगळं दिसलं. रोझारीनच्या दारात तो उभा, हातात विरीचं गाठोडं. ती आतून आली. तिने दोन्ही हात पुढे केले, त्याने गाठोडं ठेवलं आणि वळला. ठमीने पदर डोळ्यांना लावला. मला म्हणाली, "तू केलंस व्हय ग हे?"

पदवी मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

१ जानेवारी १९५९

कालपासून वाडीत पाच घरी डुकरांनी खाणं सोडलं आहे. एकाच वेळी पाच! एका जनावराच्या पाठीवर शंकरपाळ्या दिसू लागल्या आहेत. जवळ होतं तेवढं पेनिसिलिन टोचलं. अलिबागला तार केली आहे.

२ जानेवारी

तांबडी.

५ जानेवारी

अलिबागहून पेनिसिलिन आज दुपारी आलं. तांबडी सकाळी गेली. काल रात्री गाभ पडला, नऊ पिल्लं, सगळी मेलेली. रोझारीन तिच्या डोक्याशी बसून होती. मी काहीच करू शकले नाही. ओल्या फडक्याने तांबडीचं अंग पुसलं, एवढंच.

रोझारीनने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तांबडीला पुरलं, तेव्हा इनास आणि दुमिंग खड्डा खणायला आले होते.

७ जानेवारी

आज रोझारीनकडे बसले होते. मुद्दाम गेले असं नाही, पाय तिकडे वळले. ती रिकामी डोण घासत होती. सवयीने. मी म्हटलं, नाताळनंतर तिला काही वेगळं खाऊ घातलंत का?

"नाय ग. रोजचंच. कोंडा, पेज." मग म्हणाली, "वाटा धुतला त्याचं पानी तेवढं दिलं. खारवलेलं मांस धुवावं लागतं ना. सगल्याच घालतात डुकराला, मिठाच्या पान्यासाठी जीव टाकतात ती. मी तर म्हटलं, अकरा वरसांनी आलाय. तिचा पन वाटा."

मी तिथून उठून थेट होडीत येऊन बसले.

रोग रस्त्याने जात नव्हता, विहिरीने जात नव्हता, नात्याने जात होता. ज्या घरी वाटा जायचा तिथे रोग जायचा. शेजारी असून नात्यात नसलेलं घर सुटायचं. उपासात कोणी वाटा पाठवला नाही, म्हणून उपासात रोग थांबला. आणि रोझारीनच्या घरी अकरा वर्षं काही येत नव्हतं. तिने ते मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

इनासचं जांभळं बोट. तो काटा नव्हता. तोच जंतू माणसाच्या बोटात शिरला की असंच होतं. मी त्याच्यावर आयोडीन लावलं.

पण मीठ? एवढं मीठ घातलं होतं. बाबांचं मीठ.

संध्याकाळी लिहिताना आठवलं. मीठ धरायच्या आधी आमच्या मिठागराच्या वाफ्यातलं पाणी लालसर होतं. लहानपणी मला वाटायचं, सूर्याने रंगतं. कॉलेजात सर म्हणाले, तो लाल रंग म्हणजे जिवंत जंतू, मिठातच वाढणारे. मी वर्गात उठून सांगितलं होतं की हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सगळ्यांनी वळून पाहिलं होतं माझ्याकडे.

९ जानेवारी

कोणाला सांगितलेलं नाही. आणखी दोन घरी जनावरं आजारी आहेत, पण आता औषध आहे, ती वाचतील.

सांगितलं तर काय होईल, हे मला ठमीच्या तोंडून कळलं. तिला मी आडून विचारलं, समजा तांबडी त्या वाट्यानेच मेली असेल तर? ठमीने टोपली खाली ठेवली. "हे तू मोठ्यानं बोललीस का कुठं? नको बोलू. अकरा वरसं वाटा न्हाय, आनि पाठवला तो असा? लोक म्हनतील, इनासनं सूड घेतला. ती पन म्हनंल."

न सांगावं तर महिनाअखेर साहेब येऊन सगळी डुकरं मारतील. आणि समजा नाही मारली, तरी कोणाकडे लग्न निघेल, वाटे जातील, पुन्हा तेच.

तो वाटा मी पाठवायला लावला. मांस खारवायला परवानगी मी दिली. हे कोणालाच ठाऊक नाही असं नाही, इनासला ठाऊक आहे. तरी तो खड्डा खणायला आला आणि माझ्याशी नेहमीसारखा बोलला. म्हणजे त्याला अजून कळलेलं नाही. की कळलं आहे?

११ जानेवारी, रविवार

प्रार्थनेनंतर इनासला माडांखाली गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने बोट पुढे करून एकदा पाहिलं फक्त. सूज आता उतरली आहे.

मी म्हटलं, "साहेबांना पुरावा लागेल. त्या बरणीतलं मांस हवं."

"बरनी रिकामी. घासून उपडी घातली." मग म्हणाला, "चला."

"कुठे?"

"तिला मी सांगतो. तुमी सांगायचं न्हाय."

रोझारीन पायरीवर तांदूळ निवडत होती. इनासला पाहून उठली, पदर सारखा केला. तो खालीच उभा राहिला. म्हणाला, "तांबडी माझ्या वाट्यानं गेली. मांसात रोग होता." मी पुढे होऊन म्हटलं, रोझारीनबाई, त्यांना माहीत नव्हतं, परवानगी मी दिली होती, वाटा पाठवा असंही मीच... ती माझ्याकडे बघतच नव्हती. इनासकडे बघत होती.

"तुला ठाव होतं?"

"न्हाय."

"पास्कूलाबी ठाव नव्हतं," ती म्हणाली. "वारं एवढं चढंल, हे."

इनासने मान खाली घातली. कोंबड्या येऊन तिच्या सुपातले तांदूळ खाऊ लागल्या, तरी तिने हाकललं नाही. मग इनास म्हणाला, "व्हय. नव्हतं."

मला अजून मांसाचं विचारायचं होतं. शेवटी विचारलं, त्यातलं काही उरलंय का?

ती आत गेली. चुलीवरच्या शिंक्यातून विरीत बांधलेला एक तुकडा घेऊन आली, धुराने काळा पडलेला. बाकीचं तिने नाताळला शिजवून खाल्लं होतं. हा तुकडा पास्कूच्या वर्षदिनाला ठेवला होता. "त्याच्या भावाकडनं आलेला," म्हणाली. मी म्हटलं, थोडासा पुरेल. तिने पूर्ण तुकडा माझ्या हातात दिला. "बाकीची डुकरं तरी ऱ्हाऊ दे."

मी तो मुंबईला पाठवला आहे. विरी मात्र तिने मागून घेतली. जंतू असतील म्हणून मी ती तिथेच चुलीत घालायला लावली. तेवढं तरी करायला नको होतं, असं आता वाटतं. पण ते करणं भागच होतं.

३० जानेवारी

उत्तर आलं. मांसातले जंतू जिवंत. मांस धुतलेलं पाणी कबुतराला टोचलं, ते तिसऱ्या दिवशी मेलं. महिनाभर मिठात आणि पंधरवडाभर धुरात राहून जिवंत.

बाबांना पत्रात काय लिहू? काही लिहिलं नाही. मीठ पुरलं ना, असं त्यांनी विचारलं होतं. पुरलं, इतकंच लिहिलं.

२ फेब्रुवारी

साहेबांनी डुकरं मारायचा हुकूम मागे घेतला. अहवालातलं माझं वाक्य त्यांनी खोडलं. मी लिहिलं होतं, 'खारवलेल्या मांसास मीच परवानगी दिली होती.' ते म्हणाले, "याची जरूर नाही. 'लोकांच्या अडाणी सवयी' असं घाला." मी घातलं नाही. त्यांनी स्वतः घातलं.

नियम मात्र माझा मान्य झाला. खाणं सोडलेलं जनावर कापायचं नाही, आधी मला बोलवायचं. कच्चा वाटा बंद. ज्याच्याकडे डुक्कर कापलं जाईल, त्याच्याच अंगणात मोठ्या भांड्यात मांस शिजेल आणि बाकीच्यांनी आपापली भांडी घेऊन यायचं. धुण्याचं पाणी चुन्याच्या खड्ड्यात. वाडीला समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उपासाचा मोठा काळ सुरू व्हायच्या आधी येत्या रविवारी त्यांचा इंत्रूजचा सण आहे, तेव्हा पहिल्यांदा असं होईल.

८ फेब्रुवारी, रविवार

इनासचं दुसरं डुक्कर मी आदल्या दिवशी दोनदा तपासलं, मगच कापलं. अंगणात तीन दगडांवर हंडा चढला. उकळी फुटल्यावरही मी तासभर झाकण काढू दिलं नाही. मनुबाई म्हणाली, "आता हाडं पन विरघळतील, डॉक्टरीणबाय." ती पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलली.

शिजलं. मी वाट बघत होते. कोणी येईना. इतका वेळ झाला तरी अंगणात एकही भांडं नाही. मला वाटलं, लोक घाबरले. दुमिंगच्या घरी गेले. सगळे घरातच होते, भांडी घासून पालथी ठेवलेली. "येतो येतो," म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. मग टोकाला रोझारीनकडे गेले. म्हटलं, तुम्ही तरी चला, तुमचं बघून बाकीचे येतील.

ती म्हणाली, "पोरी, भांडं घेऊन दुसऱ्याच्या दारात कोन जातं? मागनारा. वाटा घरी येतो. अकरा वरसं मी त्याच्या दारात गेले न्हाय, आता जाऊ?"

मी तिथेच पायरीवर बसले. पहिल्याच आठवड्यात इनासने दवाखान्याच्या पायरीवर नारळ ठेवताना हेच सांगितलं होतं. मी तेव्हा ते या वहीतही लिहिलं होतं.

परत येऊन इनासला सांगितलं. त्याने घरातून वासा आणला, हंड्याच्या कानांतून दोर घातला, दुमिंगला हाक मारली. एका टोकाला तो, दुसऱ्याला दुमिंग, मध्ये वाफाळता हंडा. मी म्हटलं, हे फार जड आहे, चटके बसतील. "तुमीच म्हनला ना, कढत पायजे?" आणि वाटेतली सगळी घरं सोडून तो हंडा आधी खाडीच्या टोकाला गेला.

रोझारीन दारात आली. इनासने झाकण काढून पळी भरली. वाफेने दोघांचेही चेहरे दिसेनात. तिने भांडं पुढे धरलं. "धर नीट, भाजंल," तो म्हणाला. तिने पदराने भांडं धरलं. मग त्याने कमरेला खोचलेली एक घडी काढून तिच्या पायरीवर ठेवली. जुना, पिवळा पडलेला लहान सदरा.

"धुवायचा होता ना तुला," म्हणाला, आणि वासा खांद्यावर घेतला.

ते पुढच्या घरी गेले. रोझारीनने भांडं आत नेऊन ठेवलं, बाहेर आली, सदरा उचलला. मग डोणीत साचलेलं शिळं पाणी उपसून टाकलं आणि विहिरीवर घागर घेऊन गेली. मी मदत करू का विचारलं. ती नको म्हणाली.

अहवालातलं 'भांडी घेऊन यायचं' हे वाक्य उद्या बदलायला हवं. साहेब कारण विचारतील. काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

घरी आले तर दवाखान्याच्या पायरीवर विरीत बांधलेला एक नारळ होता.